इन्स्पेक्टरसाहेबांनी नापास केलेली फुलं

घ्या, चहा घ्या आधी. आणि घोट नीट गिळून झाल्यावरच पुढचं ऐका, कारण मागच्या वेळी हे सांगत होतो तेव्हा आमच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला होता. शिकला-सवरलेला माणूस किती गाढव असू शकतो, हे बघायचं असेल तर लांब जायला नको. तो तुमच्यासमोर बसलाय. बिस्किट घ्या.

मी चौतीस वर्षं जबलपुरात डिफेन्सच्या फॅक्टरीत इन्स्पेक्टर होतो. पोलिसातला नाही हो! माल तपासणारा. टेबलावर सुटे भाग यायचे, मी बघायचो, मोजायचो, आणि जरा खोट दिसली की लाल खडूची फुली. रिजेक्ट! अख्ख्या शेडमध्ये नाव होतं, 'वानखडेसाहेबांच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नाही.' मला त्याचा किती अभिमान होता म्हणून सांगू! अजून आहे. थोडा कमी झालाय.

रिटायर झालो आणि अधारतालच्या घरामागच्या अंगणात बाग लावली. आजोबा वऱ्हाडात शेती करायचे, पण वडील फॅक्टरीत, मी फॅक्टरीत. शेती आमच्या घरातून माझ्याही आधी रिटायर झालेली. पहिल्या हिवाळ्यात फुलकोबी लावली, ती लिंबाएवढी झाली आणि तिथेच थांबली. मटार माकडांनी नेला, वेलासकट. उन्हाळ्यात पुदिना मेला. पुदिना! जो मोरीच्या कडेलाही फोफावतो, तो माझ्या हातून मेला.

आमची सुनंदा रोज सकाळी झाडू मारता मारता म्हणायची, "अहो, ते सिमेंटचे ब्लॉक बसवून घ्या आता. चिखल तरी नाही येणार घरात. काहून उगाच मातीत खेळून राहिले या वयात?"

माझं उत्तर ठरलेलं. "पुढच्या सीझनला बघ."

मग मे महिन्यात अमरावतीला नात्यातलं लग्न होतं. पंगतीत माझी मोठी बहीण, शकूताई, समोर बसलेली. तिच्या अंगणात काठी खोचली तरी तिला शेंगा येतात. वाढपी चटणी घेऊन आला, आणि ताईने अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "याले वाढ रे जास्त. याच्या घरी पुदिना मेला!"

माणसं हसली. सुनंदा सगळ्यात जास्त हसली. माझं डोकं फिरलं.

आता आमच्याकडे भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. तुमच्याकडे गौरी म्हणत असाल. नैवेद्याला सोळा भाज्या एकत्र शिजवतात. सोळा म्हणजे सोळा, पंधरा चालत नाहीत! इतकी वर्षं आम्ही पिशवी घेऊन मंडीत जायचो. मी पंगतीत हात वर केला आणि म्हणालो, "ताई, या महालक्ष्म्यांना तू जबलपूरला ये. सोळाच्या सोळा भाज्या माझ्या अंगणातल्या खाऊ घालतो. एक जरी बाहेरची निघाली, तर दुसऱ्या दिवशी अंगणात ब्लॉक बसवतो!"

"ऐकलं नं सगळ्यांनी?" सुनंदा म्हणाली. तिने तिथल्या तिथे साक्षीदार मोजून घेतले.

झालं! पैज लागली. बाग राहणार की सिमेंट येणार, सगळं त्या सोळा भाज्यांवर.

जूनमध्ये कामाला लागलो. भेंडी, गवार, चवळी, वांगी, अंबाडी, अळू, माठ... वाफे दोरी धरून आखले. भिंतीच्या कडेने मांडव घालून पाच वेल सोडले. लाल कोहळं, म्हणजे तुमचा लाल भोपळा, लौकी, म्हणजे दुधी, दोडकं, कारलं, काकडी. वही केली, प्रत्येक झाडाला नंबर दिला. जबलपूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, पंधरा दिवसांत अंगणाचं जंगल झालं. भेंड्या अशा लागल्या की काय विचारता! मी वेलांच्या मधून छाती काढून फिरायचो.

आणि जुलैच्या शेवटी वेलांना फुलं आली. इथे माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला.

रोज सकाळी सहाला चष्मा लावून मी तपासणीला निघायचो. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की मालात दोन प्रकार आहेत. काही फुलांच्या मागे छोटीशी गाठ, अगदी इवलंसं कोहळंच. म्हणजे हा माल बरोबर. आणि काही फुलांच्या मागे काहीच नाही! नुसता लांब दांडा. फळाचा पत्ता नाही, आणि मिजास बघा, गाठवाल्या फुलापेक्षा उंच मान करून उभी!

मी म्हटलं, हे फुकटे कोण? खत खाणार, पाणी पिणार आणि देणार काही नाही? रिजेक्ट!

खुडली. सगळी. पाचही वेलांवरची. सकाळी सकाळी, संध्याकाळी संध्याकाळी. एक सुटू दिलं नाही. वहीत रोज लिहायचो, 'तपासणी पूर्ण. सदोष फुलं काढली.'

कोहळ्याची फुलं दिसायला मोठी देखणी. सुनंदाने त्यांची बेसनात बुडवून भजी केली. इतकी खमंग झाली की आम्ही शेजारच्या दुबेजींकडेही ताट पाठवायला लागलो. दुबेभाभींचा निरोप यायचा, "वाह! हमारे यहाँ तो इतने फूल निकलते ही नहीं." मी मनात म्हणायचो, निघतील कसे? तपासणी लागते, तपासणी!

इकडे वेलांवर गाठवाली फुलं उमलायची, दोन दिवस टिकायची, मग गाठ पिवळी पडून टप्पकन खाली. कोहळं पडलं. लौकी पडली. काकडी, कारलं, दोडकं, सगळ्यांची तीच गत. सुनंदाने लिंबू-मिरची बांधली. मी ताक शिंपडलं, गुळाचं पाणी घातलं. वेल हिरवेगार, पानं ताटाएवढी आणि फळ एकही नाही!

बरं, भिंतीपलीकडे दुबेजींच्या गच्चीवर कोहळी लोळत होती. लोळत! मला संशय आला. एक दिवस भिंतीवरून विचारलंच, "दुबेजी, आप कुछ दवाई-ववाई छिड़कते हैं क्या? हमारी तरफ़ उड़के आती होगी."

"अरे वानखड़ेजी, हम तो पानी भी भगवान भरोसे देते हैं."

मला ते पटलं नाही. चार दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. भजी मात्र जात होती, कारण ताट सुनंदाच्या हातात होतं.

राखीला ताईचा फोन आला. "मिळाली नं राखी? आणि कोहळं केवढं झालं रे?"

मी म्हणालो, "कवेत मावत नाही!"

आता सांगा, याची काय गरज होती? 'लागलं आहे' एवढं म्हटलं असतं तर चाललं असतं. पण नाही! फोन ठेवल्यावर आमची लेक ऋचा माझ्याकडे बघत राहिली. ती बँकेत नोकरी करते, मराठी समजते सगळं, पण बोलताना अर्ध्या वाटेत हिंदीत शिरते. "बाबा, कवेत मावत नाही म्हणजे? वो तो मुट्ठी में भी नहीं है!"

मी सोळाची यादी काढली. अकरा तयार, पाच नाहीत. महालक्ष्म्यांना जेमतेम तीन आठवडे. सुनंदाने काय केलं माहीत आहे? ब्लॉकवाल्याकडून नमुने आणून ओसरीत मांडले. लाल आणि करडे. मला विचारते, "कोणता छान दिसते?" खोटं कशाला बोलू, मला रडू यायचं बाकी होतं. त्या अंगणात मी वर्षभर गुडघे मोडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच उठलो, सवयीने चष्मा लावला, ताटली घेतली आणि फुलं खुडायला लागलो. दुबेभाभी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. वरून आवाज आला, "भाईसाहब! ये क्या कर रहे हैं?"

"ख़राब फूल निकाल रहा हूँ, भाभीजी. जिनमें फल नहीं है."

"रोज़ निकालते हैं?"

"रोज़! एक नहीं छोड़ता," मी मान ताठ करून म्हणालो.

भाभी हातातली ओली चादर तशीच धरून गच्चीवर मटकन बसल्या आणि अशा हसायला लागल्या की दुबेजी दात घासता घासता बाहेर आले.

"अरे भाईसाहब! वो तो नर फूल हैं! दूल्हे हैं वो! आप रोज़ सुबह दूल्हे तोड़ रहे हैं, तो दुल्हन को फल कहाँ से लगेगा?"

मी खाली बघितलं. हातात ताटली, ताटलीत सात नवरदेव.

तेवढ्यात दुबेजींना काहीतरी आठवलं. त्यांनी ब्रश तोंडातून काढला. "मतलब, महीने भर से हम लोग जो पकौड़े खा रहे हैं..."

"हाँ जी," भाभी डोळे पुसत म्हणाल्या. "बारात खा रहे हैं!"

पाऊस पडून जमीन मऊ झालेली होती, त्या दिवशी मी खरंच तिच्यात शिरलो असतो. दुबेजींची माफी मागितली. त्यांनी ती फार सहज दिली, आणि तेच जास्त लागलं. दहावीत जीवशास्त्रात मला चांगले मार्क होते हो! पुस्तकातलं फूल पुस्तकात राहिलं.

पण वानखडे हरला असं समजू नका. चूक कळली ना? मग उपाय! भाभींनी शिकवलं. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या तोंडावर हलक्या हाताने फिरवायचा. कोहळ्याचं सकाळी लवकर, लौकी-दोडक्याचं दिवस मावळताना. हे ऐकून मला आनंद झाला. वेळापत्रक आलं म्हणजे मी आलो!

अडचण एकच. दुसऱ्या दिवशी कोहळ्याच्या वेलावर दोन नवऱ्या उमलल्या आणि नवरदेव एकही नाही. मी इतका कडक हात चालवला होता की कळ्यासुद्धा सोडल्या नव्हत्या. दुबेजींकडे मागायला गेलो. ते स्वतः निघाले, धुतलेला कुर्ता घालून, दोन फुलं पितळी ताटात घेऊन. फाटकापाशी थांबले.

"वानखड़ेजी, हम लड़केवाले हैं. ऐसे ही अंदर आ जाएँ? कुछ मान-पान?"

मी खुर्ची पुसली. सुनंदाने चहा आणला, वर उपमा. दुबेजींनी उपमा दोनदा घेतला, खरे वरबाप! मग मी गुडघ्यावर बसलो, ऋचाने पान बाजूला धरलं. आणि मागून काय ऐकू यावं? आमच्या सुनंदाने, ब्लॉक मागवणाऱ्या त्या बाईने, मुठीत तांदूळ घेऊन सुरात म्हटलं, "शुभमंगल सावधान!"

अक्षता माझ्या टकलावर पडल्या. चालायचंच.

तीन दिवस मी श्वास धरून होतो. चौथ्या दिवशी गाठ पिवळी पडली नाही. सहाव्या दिवशी ती लिंबाएवढी होती. मी ओरडलो, "सुनंदा, लागलं!" ती कणकेच्या हाताने धावत आली आणि आम्ही दोघं त्या एवढ्याशा कोहळ्याकडे बघत उभे राहिलो, हसत, उगाचच. मग रोज सकाळ-संध्याकाळ लग्नं. काकडीची, कारल्याची, लौकीची. दोन आठवड्यांत मांडवाखाली डोकं वाकवून जावं लागेल इतकं लटकायला लागलं! ब्लॉकचे नमुने कुणीतरी गुपचूप परत करून टाकले. कुणी ते मी विचारलं नाही.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी शकूताई आली. चहासुद्धा न घेता आधी अंगणात गेली. मी कोहळं दाखवलं. नारळापेक्षा थोडं मोठं.

"कवेत मावत नव्हतं नं रे हे?"

"ताई, कव लहान मुलाची धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या डोळ्यांदेखत एकेक भाजी तोडली. सोळा! तिने दोनदा मोजल्या. दुपारी नैवेद्य झाला, पंगत बसली, दुबेमंडळीही होती. ताईने पहिला घास घेतला. मी बघतोय. दुसरा घेतला. मग तिने वाटी पुढे केली, "वाढ अजून. मानलं बाप्पा तुले. या अंगणाले आता कोणी हात लावायचा नाही."

काय वाटलं म्हणून सांगू! चौतीस वर्षांच्या नोकरीत असा सत्कार झाला नव्हता माझा.

तिथे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण दुबेभाभींना राहवेना. त्यांनी सगळं सांगितलं, फुलं, ताटली, भजी, वरात, सगळं. पंगत लोळायला लागली. ताई मात्र हसली नाही. माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाली, "यात नवल काय हो? तीन वर्षांपासून हा घरातही हेच करून राहिला. ऋचासाठी पाच स्थळं आणली मी. एक बुटका म्हणून नापास, एक बदलीची नोकरी म्हणून नापास, आणि एकाने बशीत चहा ओतून पिला म्हणून!"

हातातला घास मी परत ताटात ठेवला, कारण खरं होतं ते. मी ऋचाकडे बघितलं. ती वाटीत बोट फिरवत होती.

"बाबा," ती म्हणाली, "एक आणखी आहे. दो साल से है. मी तुम्हाला दाखवलाच नाही. तुम्ही तोड देते."

सुनंदा माझ्याकडे बघतेय, ताई बघतेय, दुबेजींचा हात लाडवावर थांबलेला. मी खिशातला चष्मा चाचपला, आणि तिथेच राहू दिला.

"पास!" मी म्हणालो. फोटो नाही, पत्रिका नाही, उंची नाही. आयुष्यात पहिल्यांदा न बघता शिक्का मारला. ऋचा उष्ट्या हाताने येऊन गळ्यात पडली, ताईने डोळ्यांना पदर लावला, आणि दुबेजींनी लाडू माझ्या तोंडात कोंबला.

तो लाडू खाऊन झाल्यावर मी आपलं सहज विचारलं, "बरं, मुलगा करतो काय?"

"इन्स्पेक्टर है, बाबा. फॅक्टरीत. क्वालिटीमध्ये. आपकी तरह."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "जावई म्हणून पसंत! पण माझ्या वेलांच्या दहा फुटांच्या आत त्याला कोणी येऊ द्यायचं नाही!"