डाग लेकराला, चौकशी आईची

गुरुवारी सकाळी दवाखान्यातल्या लांब बाकड्यावर आम्ही बसलो की किस्से आपोआप जमायला लागतात. एकीनं आपला सांगितला की दुसरीला तिचा आठवतो, आणि इंजेक्शनचा नंबर येईपर्यंत चार तरी होतातच. बाकीच्या बायांकडे साड्यांचे, सुनांचे किस्से असतात. आमच्याकडे एकच विषय. लेकराच्या अंगावरचे काळेनिळे डाग, आणि ते बघून लोक आम्हाला काय काय म्हणाले!

आमच्या मुलांना हिमोफिलिया आहे. रक्त गोठायला जो घटक लागतो, ज्याला बाकड्यावर सगळे फॅक्टर म्हणतात, तो त्यांच्यात जन्मापासून कमी असतो. साधा धक्का लागला तरी आतल्या आत रक्त साकळतं. हे आता मी एका दमात सांगते. पण हे नाव माहीत नव्हतं त्या दिवसांत आमच्यावर जे आळ आले, त्यांची मला अजून चीड येते. हसूही येतं, पण चीड आधी. म्हणून मी हे किस्से कुठेही, कुणाहीसमोर सांगते. लपवायला मी काही चोरी केलेली नाही.

*

आमचा वेदू आठ महिन्यांचा झाला, रांगायला लागला, आणि डाग सुरू झाले. आधी गुडघ्यांवर, मग कपाळावर. उचलून घेतलं की काखेखाली. करदोडा बांधला तर कमरेभोवती निळी रेघ. रोज आंघोळ घालताना मी डाग बघायची, आणि कालच्यापेक्षा एक जरी जास्त निघाला तरी पुन्हा पहिल्यापासून मोजायची. एका डॉक्टरांनी टॉनिक दिलं. दुसऱ्यांनी रांगतं मूल आहे, लागणारच, म्हणून परत पाठवलं.

आम्ही वर्ध्याजवळ बोरगाव मेघेला दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून वेदूचं रडणं ऐकू जायचं. एक दिवस त्या वाटी घेऊन साखर मागायला आल्या, आणि साखरेचं नाव न काढता थेट वेदूचा झबला वर करून पाठ बघायला लागल्या. बघून झाल्यावर मोठ्या मायेनं मला म्हणाल्या, "रागाच्या भरात होते कधी कधी. पन लेकरू लहान हाये बाई, हात आवरत जाजो."

मी म्हटलं, "काकू, तुमची साखर राहिली." वाटी काठोकाठ भरून हातात दिली आणि दार लावून घेतलं. मग त्याच दाराला टेकून खूप रडले. त्यानंतर कित्येक महिने त्या साखर मागायला आल्या नाहीत, एवढाच काय तो फायदा.

*

आता सासूबाई. त्या अल्लीपूरला असतात. त्यांच्या हाताची मालिश गावात नावाजलेली. कुणाच्याही घरी बाळंतपण झालं की पहिलं बोलावणं त्यांना. वेदूचे डाग त्यांनी पाहिले आणि मला काही बोलल्या नाहीत. गावी परत गेल्यावर मात्र दळण टाकायला चक्कीवर गेल्या आणि तिथे बोलल्या. चक्कीवर बोललेलं पिठासारखं घरोघर जातं. सून लेकराला मारते, हे माझ्या कानावर माझ्या जावेच्या फोनमधून आलं.

पुढच्याच आठवड्यात त्या बोरगावला हजर. माझ्या नवऱ्याला, प्रशांतला, माझ्यासमोर म्हणाल्या, "आठ दिवस लेकरू माह्यापाशी राहू दे. एक जरी डाग दिसला तं माह्यं नाव बदलजो."

प्रशांत माझ्याकडे बघायला लागला. मीच म्हटलं, न्या. तुम्हाला वाटेल रागानं म्हटलं. खरं सांगू? तोवर मलाच माझ्या हातांची भीती वाटायला लागली होती. आपण याला जोरात तर धरत नाही ना, झोपेत आपला हात तर पडत नाही ना, असं रोज मनात यायचं. लोक तेच तेच बोलायला लागले की माणूस स्वतःचीच झडती घ्यायला लागतो.

सासूबाईंनी ठरवलं, नातवाचं अंग लोखंडासारखं करायचं. सकाळ-संध्याकाळ तिळाचं तेल कोमट करून, पाय लांब करून, त्यावर वेदूला पालथा घालून त्यांची ती नावाजलेली मालिश सुरू झाली.

तिसऱ्या दिवशी फोन आला. "मनीषा, तू येजो." एवढंच बोलून ठेवून दिला.

मी मिळेल त्या एसटीनं अल्लीपूर गाठलं. वेदू बाजेवर पालथा पडून खुळखुळा वाजवत होता. त्याच्या पाठीवर एका बाजूला पाच निळे डाग, दुसऱ्या बाजूला पाच. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली. "म्या तं मालिशच केली वं," म्हणाल्या.

मी त्या डागांवर माझी बोटं ठेवून पाहिली. माझी बोटं लहान पडली.

त्या क्षणी मला आनंद झाला. लेकराची पाठ निळी झालेली आणि मला आनंद झाला, त्याची लाज मला आजही वाटते. पण माझे हात त्या आळातून सुटले होते. त्याच आठवड्यात आम्ही वेदूला मोठ्या दवाखान्यात नेलं, रक्त तपासायला दिलं, आणि डागांना नाव मिळालं.

नाव मिळालं म्हणून तोंडं थोडीच बंद होतात. हा आजार आईकडून येऊ शकतो, असं कुणीतरी मोबाईलवर वाचलं आणि नातेवाईकांना नवा विषय मिळाला. आधी हातानं मारत होते, आता रक्तानं! डॉक्टरांनी सांगितलं की कधी आईकडून येतो, कधी कुणाकडूनच नाही, आणि दोन्हीत आईचा दोष नसतो. ते वाक्य मात्र कुणी फॉरवर्ड केलं नाही.

आणि चक्कीवरची गोष्ट तशीच राहिली. सासूबाई बोरगावला येऊन बर्फानं शेकायला शिकल्या, इंजेक्शनच्या वारी वेदूला मांडीवर घेऊन बसायला लागल्या, पण गावात बोललेलं त्यांनी परत घेतलं नाही. मी प्रशांतला सांगून टाकलं, "जिथं बोलल्या तिथंच जाऊन सांगू दे. तोवर मी अल्लीपूरला पाय ठेवणार नाही." तो म्हणाला, आई म्हातारी आहे, जाऊ दे. मी म्हटलं, म्हाताऱ्या माणसाला चक्कीची वाट पाठ असते. तीन दिवाळ्या गेल्या, तीन पोळे गेले. मी गेले नाही.

*

बाकड्यावर आमच्यात एकच बाप नियमित येतो, गजभिये सर. देवळीकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत. आयुष्यात मुलांवर हात उगारला नाही. आधीच्या गुरुजींची छडी कपाटात सापडली तर त्यांनी ती मोडून पोषण आहाराच्या चुलीत घातली होती. त्यांचा सम्यक त्याच शाळेत पहिलीला. कधी कोपर सुजलेलं, कधी दंड निळा.

एक दिवस सरपंच आणि दोन पालक शाळा सुटल्यावर सरांकडे आले. सरांना वाटलं, शौचालयाच्या नळाचं काम असेल. सरपंचांनी टोपी काढली, घसा साफ केला आणि म्हणाले, "सर, तुमी आमच्या पोट्ट्यायले मारत नाई म्हनून आमीच नाराज होतो. आता समजलं. सगळ्यायचा मार तुमी एकट्या सम्यकले देऊन राह्यले. तसं नका करू. थोडा थोडा वाटून द्या!"

सरांनी तिघांना चहा पाजला आणि फळ्यावर चित्र काढून अर्धा तास रक्ताचा धडा घेतला. सरपंचांना सगळं पटलं. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाले की बाकीच्या पोट्ट्यांचं मात्र बघा.

*

लताताई देवळीच्या. बाकड्यावर सगळ्यात जुन्या, कारण त्यांचा रोहित आता दहावीत आहे. हा किस्सा तो चार वर्षांचा असतानाचा.

वर्ध्याहून परतताना एसटीत रोहित त्यांच्या मांडीवर, कपाळावर लिंबाएवढं निळं टेंगूळ. शेजारच्या सीटवर एक बाई. तिनं टेंगूळ बघितलं, लताताईंना बघितलं, आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं बोलायला सुरुवात केली. काय आया असतात, देव लेकरं कुणाच्या पदरात टाकतो, पोलिसांत द्यायला पाहिजे. लताताईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग रोहितला उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"घ्या," म्हणाल्या. "देवळीपर्यंत तुमीच धरा. एक बी नवा डाग न पडू देता उतरवून दाखवा."

आमच्याकडच्या एसट्या तुम्हाला माहीत आहेत. पहिल्या खड्ड्यालाच बाईचं बोलणं थांबलं. दुसऱ्याला तिनं रोहितच्या डोक्यावर हात धरला. पुढे एक म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, आणि समोरचा दांडा त्या बाईनं स्वतःच्या दंडावर घेतला. रोहितला काही झालं नाही. देवळीला उतरताना तिनं त्याला परत दिलं.

आठ-दहा दिवसांनी बाजारात तीच बाई लताताईंना भेटली. पदर बाजूला करून तिनं दंडावरचा पिवळा पडत आलेला डाग दाखवला. म्हणाली, "ताई, घरी आल्यागेल्या सगळ्यायले सांगून राह्यली, एसटीत लागलं. कोनी मानतच नाई. समदे माह्या नवऱ्याकडेच पाहून राह्यले!"

*

वेदू प्ले-स्कूलला जायला लागला तेव्हा मी पहिल्याच दिवशी सगळे कागद दाखवले, पडला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा, सगळं लिहून दिलं. तिथल्या मोठ्या बाईंनी कागद नीट वाचले आणि एक वही पुढे केली. रोज सकाळी वेदूच्या अंगावर कुठे कुठे डाग आहेत ते लिहायचं आणि मी खाली सही करायची. उद्या आमच्यावर यायला नको, म्हणाल्या. शिवाय त्याला फुलपँट आणि लांब बाह्यांचा शर्ट घालत जा, बाकी पालक विचारतात.

मी सही केली. दुपारी वेदूला घ्यायला गेले तेव्हा माझ्या पर्समधून मी माझी वही काढली. म्हटलं, "आता संध्याकाळपर्यंतचे डाग तुम्ही लिहा आणि सही करा. उद्या माझ्यावर यायला नको." आणि अर्धी चड्डी मी तशीच चालू ठेवली. माझ्या लेकरानं काय पाप केलंय गुडघे झाकायला?

चार दिवस दोन्ही वह्या चालल्या. पाचव्या दिवशी बाईंनी त्यांची वही माझ्यासमोर फाडली आणि आमच्या दवाखान्यातल्या नर्सना शाळेत बोलावून सगळ्या शिक्षिकांना बर्फ कसा लावायचा ते शिकवून घेतलं. आता वेदू कुठे धडपडला की पहिला फोन त्यांचाच येतो.

*

आणि हा यंदाच्या पोळ्याचा.

वेदू आता साडेचार वर्षांचा. तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात, ते त्यानं मोबाईलवर पाहिलं होतं. आजोबांनी त्याच्यासाठी चाकांचा बैल आणून ठेवलाय, हे सासूबाईंनी फोनवर त्यालाच सांगितलं. मग फोन माझ्याकडे द्यायला लावला. "मनीषा, पोयाले येजो," म्हणाल्या. आणि लगेच, "या वर्षी येजोच."

बैलासाठी वेदू जेवेना. शेवटी मी निघाले. प्रशांतला बजावलं, मी लेकरासाठी चालले, कुणाला माफ करायला नाही.

अल्लीपूरला माझं यायचं कळलं होतंच. पोळ्याच्या संध्याकाळी ओट्याओट्यांवरून बाया बघत होत्या, आधी मला, मग वेदूचे पाय. आदल्या दिवशीच तो पायरीवर आपटला होता, गुडघा जांभळा झालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी जाऊ हळूच म्हणाली, फुलपँट घाल, उगाच बोलतील. मी अर्धी चड्डी घातली.

पोळ्याला आमच्याकडे दारात पळसाच्या डहाळ्या ठेवतात, त्यांनाच मारबत म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या उचलून शिवेबाहेर नेऊन टाकायच्या आणि नेताना ओरडायचं. एकानं जे नको असेल त्याचं नाव घ्यायचं, ताप, खोकला, डास, माशा, आणि बाकी सगळ्यांनी म्हणायचं, घेऊन जाय गे मारबत! पुरुष आणि पोरं ओरडत जातात. बाया दारात उभ्या राहून बघतात.

वेदूनं बैल काखेत मारला आणि पोरांच्या मागे लागला. दोन-चार वेळा ओरडून त्याला ते छान जमायला लागलं. मी त्याच्या मागेमागे, तो पडू नये म्हणून. घोळका चक्कीपाशी आला. तिथल्या ओट्यावर सगळ्या बाया उभ्या होत्या, त्याच, ज्यांच्या घरोघर ते पीठ गेलं होतं. त्यांच्यातली एक माझ्याकडे बघून दुसरीच्या कानाला लागली.

तेवढ्यात आमच्या दाराची डहाळी घेऊन सासूबाई मागून आल्या. डोक्यावरचा पदर घसरलेला. पोरांना बाजूला सारून त्या चक्कीच्या बरोबर समोर उभ्या राहिल्या, दोन्ही हातांनी डहाळी वर धरली आणि ओरडल्या, "सुनेवर खोटा आळ घेनाऱ्या सासूची जीभ!"

सगळा घोळका गप्प झाला. ओट्यावरची एकही बाई हलली नाही. सासूबाईंनी वर धरलेले हात खाली घेतले नाहीत.

वेदूनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्याला वाटलं, सगळे विसरले. मग जांभळ्या गुडघ्याचा माझा लेक पुढे झाला आणि एकटाच, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडला, "घेऊन जाय गे मारबत!"