उभ्या गाडीवरून पडलेला ड्रायव्हर

परतवाड्याहून चिखलदऱ्याला जाणाऱ्या घाटात देवमनने वीस वर्षे सवाऱ्यांची जीप चालवली, आणि पडला तो स्टँडवर, उभ्या गाडीच्या टपावरून. सामान बांधताना दोरी तुटली, तोल गेला आणि डावी नडगी मोडली. अमरावतीच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातले.

भेटायला येणारे बिस्किटांचा पुडा खाटेवर ठेवत आणि हटकून म्हणत,

"काहून रे, घाटानं सोडलं अन् टपानं धरलं?"

देवमन हसे. हसायचे असते म्हणून हसे.

बायको, भावना, रोज विचारी, "दुखून राह्यलं का?"

"नाई."

"खाज सुटते?"

"नाई."

"माह्या बोलण्याचा राग तरी येते का?"

"नाई."

"मंग तुमी माणूस हा का धोंडा?"

याचेही त्याला काही वाटत नसे. प्लास्टरच्या आत पाय आहे, हे एक्स-रे पाहिला म्हणून ठाऊक होते, एवढेच. रस्त्यावरून जीप गेली, तर आवाज नुसता कानापर्यंत येई आणि तिथेच थांबे.

एक दिवस जीपचे मालक हसनैनभाई आले.

"देवमनभाऊ, बदलीचा पोट्टा वळणावर गाडी बंद पाडते. सवाऱ्या शिव्या देऊन राह्यल्या. चाबी तुमचीच हाय. पण प्लास्टर निघालं की एक डाव घाट चढून दाखवा."

घाट चढायचा म्हणजे अर्ध्या क्लचवर गाडी चढात तोलून धरायची. क्लच नेमका कुठे गाडी उचलतो, ते डाव्या तळव्याला कळावे लागते. एरवी हा विचार देवमनने कधी केला नव्हता. आता खाटेवर पडून तो तेवढाच करी, आणि प्लास्टरच्या टोकाशी दिसणारी बोटे हलवून पाही. बोटे हलत. हलली, हे त्याला डोळ्यांनीच कळे.

प्लास्टर निघाले. बारीक, पांढुरका पाय बाहेर आला. काठीवर, मग काठीशिवाय चालणे जमले. तेव्हा तो रिकामी जीप घेऊन घाटात निघाला. हसनैनभाई शेजारी बसले. सपाटीवर गाडी बरी चालली. पहिल्याच अवघड वळणावर समोरून ट्रक आला, जीप थांबवावी लागली. पुन्हा निघताना देवमनने मान खाली घातली.

"रस्ता सोडून खाली काय पायता?"

"पाय पेडलवर हाय का, ते पायतो."

हसनैनभाई हसले. मग हसायचे थांबले. मागे दरी होती. देवमनने हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली आणि चावी त्यांच्या हातात दिली.

"मी तं सपाटीचा माणूस, भाऊ!" हसनैनभाई म्हणाले.

"मी सांगत जातो. तुमी फक्त घाई करू नोका."

गाडी खाली आली. घरी भावना दारातच उभी होती.

"चढला का घाट?"

"नाई. चाबी देऊन आलो."

"वाईट नाई वाटलं?"

वाईट वाटते का, याची देवमनने खरेच थोडा वेळ वाट पाहिली.

"वाटंन," तो म्हणाला. "आता जेवाले वाढ."