दोघांचं उतरलेलं वजन

ज्या वर्षी मी सदतीस किलो वजन उतरवलं, त्याच वर्षी माझी बायको गेली. ओळखीचे लोक या दोन गोष्टी वेगवेगळ्या बोलतात. एकीबद्दल शाबासकी देतात, दुसरीबद्दल हळहळतात. मला त्या वेगळ्या सांगता येत नाहीत.

मी वणीला, चंद्रपूर रोडवरच्या एका वजनकाट्यावर काम करतो. कोळशाची भरलेली गाडी मोजायची, रिकामी मोजायची, पावती द्यायची. बारा तास खुर्चीत. समोरच्या टपरीवरचे आलूबोंडे आणि चहा केबिनमध्ये आपसूक यायचे आणि मी त्यांना कधी परत पाठवलं नाही. असं करत करत एकशे एकवीस किलोचा झालो. एकदा गाडीची चाकं नीट चढली का ते पाहायला मी काट्यावर उभा राहिलो, तर ड्रायव्हर वरून ओरडला, "भाऊ, उतरा खाली, माही गाडी ओव्हरलोड दाखवून राह्यली!" सगळे खदाखदा हसले, मीही हसलो. घरी येऊन बायकोला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही.

"साखर वाढली, बीपी वाढलं, अन् पोरगी अजून कॉलेजात हाये," ती म्हणाली. "उद्यापासून मी येतो तुमच्यासंगं चालाले. पाहू कसे नाही चालत."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला निर्गुडा नदीच्या पुलाकडे चालायला काढलं. निम्म्या वाटेतच मी एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसलो आणि धापा टाकत तिच्यावर खेकसलो. ती शांतपणे शेजारी बसली, पदरानं माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "झालं? चला आता." घरात भाताचं पातेलं लहान झालं. ज्वारीची भाकर, मोड आलेली मटकी, पालेभाजी, ताक. चहातली साखर गेली. बोंडा खाऊन आलो की ती माझी बोटं हुंगायची आणि मी पकडला जायचो. माझ्या अंगावरून उतरलेला एक एक किलो तिनं उतरवला, हे मी कुणासमोरही कबूल करीन.

मग मी वजन करायचं एक लहान मशीन आणलं. दर रविवारी चालून आलो की दोघंही त्यावर उभे राहायचो आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडे लिहायचो, माझा निळ्या पेनानं, तिचा लाल. ती सुरुवातीला अडुसष्ट होती. पहिले दोन-तीन महिने तिचा आकडा जागचा हलला नाही. मग तोही उतरायला लागला आणि मला भारी मौज वाटली. "मी एवढा घाम गाळून राह्यलो अन् तू नुसती संगं चालून जिंकतेस," असं मी तिला चिडवायचो. तिनं जुने ब्लाऊज टाके घालून आवळले. गल्लीतल्या बायका तिला विचारायच्या, काय खातेस गं? ती लाजायची. मला ती तशी सडसडीत आवडायला लागली होती. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

एका लग्नाच्या गडबडीत आमचं आठवडाभर चालणं झालं नाही, वर पंगतीत जेवण झालं. रविवारी माझं वजन एक किलो वाढलेलं, तिचं दीड किलो उतरलेलं. "नशीबवान हायेस," म्हणत मी लाल आकडा लिहिला.

मग तिच्या ताटात अर्धी भाकर उरायला लागली. "मले जेवण जाऊन नाही राह्यलं," ती एकदा म्हणाली. "दोन घास खाल्ले का पोट भरते."

"चांगलंच हाये ना! पोट लहान झालं. माहं बी झालं." असं काहीतरी मी मोबाइलवर पाहिलं होतं.

एके सकाळी ती पुलाच्या अलीकडेच थांबली आणि आज नको म्हणाली. मला ओट्यावरचा माझा पहिला दिवस आठवला. आता तिला चालवायची पाळी माझी, असं वाटून मी तिचा हात धरला आणि हसत हसत तिला पुलापर्यंत ओढत नेलं. ती पाय ओढत आली.

काट्यावर एखाद्या गाडीत पन्नास किलोंची घट दिसली तरी मी ती बाजूला लावतो, ड्रायव्हरला खाली उतरवतो, माल कुठं गेला ते विचारतो. वीस वर्षं हेच करतोय. आणि घरी माझ्याच बायकोच्या नावापुढे मी दर रविवारी घट लिहीत होतो आणि तिला टाळी देत होतो.

सुट्टीत पोरगी यवतमाळहून आली. दारातच थबकली. "आई, काय झालं तुले?"

"काय होईन? हिरोईन झाली तुही माय," मी म्हणालो. पोरीनं आईचा हात उचलला. बांगड्या सरकत कोपरापर्यंत गेल्या. दुसऱ्या दिवशी तीच आईला दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून आम्हाला नागपूरला पाठवलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? माझी आकड्यांची सवय. मी महिन्यावार घडाघडा सांगितलं: अडुसष्ट, पासष्ट, एकसष्ट, खाली खाली एकोणपन्नासपर्यंत. सांगताना माझ्या आवाजात थोडा अभिमान होता. डॉक्टर लिहायचे थांबले. "सगळं माहीत होतं तुम्हाला," ते म्हणाले, "आणि आत्ता आलात?"

पोटात गाठ होती. पसरलेली होती. त्यानंतर ती चार महिने राहिली.

त्या चार महिन्यांत मी वाटी-चमचा घेऊन तिच्या उशाशी बसायचो. शिरा, दूध, अंडं, जे म्हणेल ते. ज्या बाईचं ताट अर्धं राहिलं तर मी खूश व्हायचो, तिला एका घासासाठी हात जोडायचो. एकदा मला रडू आवरलं नाही. म्हणालो, "माह्या ध्यानात याले पाह्यजे होतं. रोज तर पाहून राह्यलो होतो तुले."

तिनं चमचा बाजूला सारला. मग म्हणाली, "मले बी तं खुशीच वाटे जी. लग्नापासून पह्यल्यांदाच तुमी माह्याकडं एवढं पाहून राह्यले होते. डॉक्टरकडं गेलो अन् त्यानं खा म्हटलं, अन् वजन पुन्हा वाढलं, तर?"

तिला बरं वाटत नव्हतं हे तिला माझ्याआधी कळलं होतं. माझ्यासाठी ती गप्प राहिली.

ती गेल्यावर तिच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला झरीकडची तिची नातेवाईक मंडळी आली. दोन वर्षांत त्यांनी मला पाहिलं नव्हतं. बुद्धवंदना झाली, जेवणं सुरू झाली. पांढऱ्या लुगड्यातली तिची म्हातारी मावशी माझ्याजवळ आली, माझ्या गालांवरून हात फिरवला आणि हमसून रडायला लागली. "जवाईबापू, काय हाल करून घेतले जी! पोरीच्या दुखण्यानं पार वाळून गेले तुमी. हाडं वर आले." भोवतालच्या बायकांनीही डोळ्यांना पदर लावला. कुणीतरी म्हणालं, असा नवरा भेटाले भाग्य लागते.

मी तिच्या दुखण्याच्या आधीच वाळलो होतो. चांगलं खाऊन, चालून, हौसेनं. एवढं एक वाक्य सांगायचं होतं. पोरगी शेजारीच ताटं घेऊन उभी होती, माझ्याकडे पाहत होती. मी सांगेन म्हणून थांबली असावी.

मी मावशीपुढे हात जोडले आणि मान खाली घातली. पोरगी ताटं घेऊन आत निघून गेली.