चाकं हलल्यावरचा पगार

वाघोलीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक पायलट राहतात. बोलणं मोजकं. जिन्यात बसून बूट पुसायला लागले की समजायचं, आज उड्डाण आहे. एवढं मोठं विमान, पण पगाराचं रिक्षासारखंच! "काकू, चाकं हलली की आमचं मीटर सुरू. धुक्यात तासभर उभे राहिलो, ते फुकट."

परवा त्यांना सर्दी झाली, कानाला दडे बसले. फ्लॅटचा हप्ता तर तोंडावर. मी काढा दिला. म्हटलं, "अहो, सर्दीच ती. जा की, तासांचे पैसे बुडतील."

त्यांनी काढा संपवला, फोन करून दिल्लीची फेरी सोडली.

"असे कान घेऊन विमान उतरवताना भोवळ येऊ शकते. मागे दीडशे माणसं बसतात, काकू," एवढंच म्हणाले, आणि पुसलेले बूट आत घेऊन गेले.