रुखवतातला मुकुट

माझं लग्न जमलं ते टोपीवरच्या एका बिल्ल्यापायी. आज हे सांगताना मलाच माझा राग येतो. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मला बघायला मुलगा फौजेच्या वर्दीत आला. सिंदीसारख्या गावात, कारकुनाच्या घरी, वर्दीतला जावई म्हणजे काय! अख्खी आळी दारात. बाबांनी बिल्ल्याबद्दल विचारलं, तर त्यानं टोपी काढून एकेक खूण समजावली. बिगुल म्हणजे हुकूम, त्याच्या दोरीची गाठ म्हणजे जवानांची एकी आणि वरचा मुकुट म्हणजे जिंकलेली लढाई. मी दाराआडून ऐकत होते. खोटं कशाला सांगू, भाळले.

रुखवतात काय मांडायचं हे ठरलेलंच असायचं. मण्यांचं तोरण, काचेतला मोर, लोकरीनं भरलेलं 'सुस्वागतम'. मी म्हटलं, मी नवऱ्याच्या पलटणीचा बिल्ला भरणार. त्यानं तो नमुन्याला पाठवूनही दिला. आई म्हणाली, "लोकं हासतीन ना वं." हासू देत! महिनाभर लाल मखमलीवर डोळे फोडले. मुकुटातले बारके मोतीसुद्धा सोडले नाहीत.

लग्नाला हिंगणीहून आईचे मामा आले होते. फौजेतून हवालदार म्हणून पेन्शनीत निघालेले. त्यांची शाबासकी हवी म्हणून मीच त्यांना हाताला धरून रुखवताकडे नेलं. ते बघतच राहिले.

"पोरी, हा मुकुट काऊन काढला?"

"बिल्ल्यावर हाये ना, आबाजी."

"अवं, हा तं इंग्रजाच्या राजाचा मुकुट. राज्य आपलं झालं तवा आमच्या टोपीवरून हा उतरला अन् अशोकाचे सिंह बसले. म्या माह्या हातानं बदलला. तुहा नवरदेव तवा दुधपिता असन."

मी त्यानं सांगितलेले अर्थ घडाघडा म्हणून दाखवले. आबाजींनी मान हलवली. पांगून लढणाऱ्या पलटणीला ढोल न्यायला जमत नसे, म्हणून हुकूम बिगुलावर द्यायचे, तोच मग निशाणीवर आला, एवढीच त्याची कथा. "एकी नं फेकी, सारं मनचं सांगतलं त्यानं. फौजेत हे आधी पाठ करा लागते. अन् खरा फौजी आपला बिल्ला कोणाले देत नाई, बाई."

शालू सावरत मी चुलाण्यांकडे धावले. बाबा आचाऱ्याला सूचना देत होते. त्यांना बाजूला ओढून म्हटलं, "बाबा, मुलगा फौजेत नाई." वाटलं, आता हे मांडव डोक्यावर घेतील, वरात परत पाठवतील.

"हळू बोल," बाबा म्हणाले. "मले माहीत हाये. बिल्ला त्याच्या आज्याचा व्हय. भरतीत छाती कमी भरली म्हणून याले घेतलं नाई. कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरी हाये ना पण, उपाशी नाई ठेवणार तुले."

"कधीपासून माहीत हाये?"

"झाले पंधरा दिवस. पत्रिका वाटून झाल्या होत्या. चार लोकांत तोंड कसं दाखवू मी?"

पंधरा दिवस! त्याच दिवसांत माझा सोनेरी दोरा संपला होता, आणि हेच बाबा वर्ध्याला जाऊन दुसरी लड घेऊन आले होते. रंग जुळतो का म्हणून मुकुटावर धरूनही पाहिली होती.

मंगलाष्टकं सुरू झाली. मी उभी राहिले, दुसरं काय करणार होते? नवऱ्यानं पुढं रडून सगळं कबूल केलं. दोन वर्षं मी त्याला टोचून खाल्लं, मग निवळले. माणूस वाईट नव्हता, हौशी होता.

बाबांचं मी सगळं केलं. दिवाळीला गेले, पाया पडले, ताट वाढलं. विश्वास तेवढा ठेवला नाही. शेवटच्या दुखण्यात ते माझा हात धरून म्हणाले, "आज मले बरं वाटून राह्यलं, पोरी." मी हात सोडवला आणि खरं काय ते विचारायला डॉक्टरांकडे गेले.