पेटीवरचं लाल कुलूप

त्याला सगळे ओळंबा म्हणत. लिफ्ट बसवताना रेघ सरळ यावी म्हणून दोरीला वजन बांधून वरून खाली सोडतात, तो ओळंबा. माणूसही तसाच होता. उंच, काटकुळा, आणि एकदा शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्टच्या त्या उभ्या विहिरीत शिरला की तासन्‌तास जागचा न हलणारा. एकतीस वर्षं तिथेच गेली. बायको म्हणायची, "घरात चांगल्या तीन खोल्या आहेत, पण ह्यांना करमतं ते जिन्याशेजारच्या भोकात."

आता प्रश्न निवृत्तीला उरलेल्या दोन वर्षांचा होता. अठ्ठावन्न पूर्ण झाली की कंपनीत एक फॉर्म भरत. हा माणूस शाफ्टमध्ये काम करायला योग्य आहे की नाही, एवढंच त्यात विचारलेलं असे. 'नाही'वर खूण झाली की ऑफिसात बसून तक्रारींचे फोन घ्यायचे. ओळंब्याला त्या कल्पनेनेच घाम फुटे. पण सही फोरमनची होती, आणि फोरमन त्याचा शाळेपासूनचा मित्र.

"फॉर्म बॅगेत टाकलाय रे," निघतानाच फोरमन म्हणाला होता. "तलावावर निवांत सही ठोकतो. तुझ्याबाबतीत वाचायचंय काय त्यात?"

दरवर्षी चौघे कामाची व्हॅन घेऊन दोन दिवस तलावाकाठी तंबू ठोकत. फोरमन, ओळंबा, त्याचा जोडीदार वायरमन आणि गोदाम सांभाळणारा स्टोअरकीपर. यंदाही आले, पोहले, पत्ते कुटले. रविवारी सकाळी तंबू आवरले, भांडी घासली, आणि बघतात तर व्हॅनची चावी गायब.

"काल दुपारपर्यंत गाडीलाच लटकत होती," फोरमन म्हणाला.

खिसे, बूट, चहाचं पातेलं, सगळं उलटंपालटं झालं. स्टोअरकीपरने तर पावाच्या पिशवीतही हात घातला.

"पावात चावी?" वायरमनने विचारलं.

"चावी नाही मिळाली, पण पाव तरी मिळाला," म्हणत तो खायला बसला.

ओळंब्याला मात्र चेव आला. बंद पडलेल्या लिफ्टचा दोष शोधावा तसा तो कामाला लागला. वरून सुरुवात, एकेक भाग तपासायचा, निर्दोष असेल तो बाजूला. व्हॅनच्या मागच्या भागात तो थबकला. हत्यारांच्या लोखंडी पेटीला लाल कुलूप होतं. या पेटीला सहलीत कधी कोणी कुलूप घातलेलं नव्हतं.

"बघा," तो खुशीत म्हणाला. "चावी हिच्यात आहे. आणि चोर आपल्यातलाच आहे."

लाल कुलूप म्हणजे काय ते चौघांनाही ठाऊक होतं. लिफ्टच्या कामात जोडीतला एक वर चढतो आणि दुसरा खाली मेन स्विच बंद करून त्याला आपलं लाल कुलूप घालतो. किल्ली त्याच्या गळ्यात. वरचा सुखरूप उतरला की खालच्यानेच उघडायचं. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, तोडायचं तर नाहीच, कारण वर कोण लटकलेलं असेल सांगता येत नाही. कुलपं गाडीच्या कप्प्यात पडलेली असत. गेल्याच महिन्यात स्टोअरकीपरने स्वतःसकट चौघांना नवी दिली होती, सगळी सारखी, अजून नंबरही घातले नव्हते. पण किल्ल्या वेगळ्या.

"प्रत्येकाने आपली किल्ली लावून बघायची," ओळंब्याने फर्मावलं.

फोरमनची लागली नाही. स्टोअरकीपरची लागली नाही. वायरमन मागे सरकला.

"माझी घरी राहिली."

"घरी?"

"हो. चला, कुलूप कापून मोकळे होऊ. उशीर होतोय."

"लाल कुलूप कापायचं?" ओळंबा हसला. "सापडला बघा चोर! बावीस वर्षांत हा किल्ली विसरला नाही, आज बरी विसरला."

वायरमन खोड्या काढण्यात पटाईत होता. एकदा त्याने फोरमनच्या डब्यात बॉल बेअरिंग भरून ठेवले होते. त्याने लगेच हात वर केले. "हो बाबा, मीच. गंमत केली. झालं समाधान?"

"मग उघड."

"सोड ना, ओळंब्या."

त्याचा आवाज गंमत करणाऱ्याचा नव्हता. पण ते ओळंब्याच्या कानात शिरलं नाही. वायरमनच्या कॉलरमधून किल्लीची दोरी डोकावत होती. ती त्याने पकडून बाहेर काढली, वायरमनला मानेसकट पेटीवर वाकवलं आणि किल्ली घातली.

फिरली नाही.

आता एकच किल्ली उरली होती. ओळंब्याने गळ्यातून दोरी काढली. आपलीच किल्ली त्याने अनोळखी माणसासारखी उलटसुलट पाहिली. ती कुलपात गेली आणि अलगद फिरली. पेटीत, पान्यांवर, व्हॅनची चावी पडली होती.

स्टोअरकीपर चावायचा थांबला.

"मी कधी..." ओळंबा म्हणाला.

वायरमन मान चोळत खाली बसला. "काल दुपारी. सायलेन्सर सैल झाला होता, मी गाडीखाली शिरलो. खालूनच ओरडलो, चावी काढलीस का? तू म्हणालास, काढली, कुलूप घातलंय, काम कर बिनधास्त."

"मी बोललो असं?"

"दोनदा."

"मग सकाळपासून गप्प का बसलास?"

"वाटलं, आठवेल तुला."

"अरे, हाताची सवय असते!" फोरमन घाईघाईने म्हणाला. "माणूस मशिनखाली गेला की आपला हात आपोआप कुलूप घालतो. मी परवा घरातल्या पंख्याच्या बटणाला चिकटपट्टी लावली."

"लावलेली आठवते ना तुला?" ओळंब्याने विचारलं.

फोरमनने हळूच मान डोलावली.

ओळंबा पेटीच्या कडेला टेकला. "घातलं ते बरोबरच घातलं. पण हा गाडीखाली होता हेच माझ्या डोक्यातून गेलं. उद्या हा सातव्या मजल्यावर असेल, आणि मी म्हणेन, हे कुलूप इथे कशाला? उघडेन. किल्ली तर माझीच आहे."

"मी अधूनमधून हाक मारत जाईन," वायरमन म्हणाला.

"काल मारलीस की. उत्तरही दिलं मी."

ओळंबा फोरमनकडे वळला.

"फॉर्म काढ," तो फोरमनला म्हणाला.

"घरी गेल्यावर बोलू. डॉक्टरला दाखवू आधी. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

"घरी पोचेपर्यंत मला हे आठवेल की नाही, कोण सांगणार? आत्ताच काढ."

फोरमनने बॅग उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. शेवटी कागद गुडघ्यावर ठेवून 'नाही'समोर खूण केली. खाली सही केली. ओळंब्याने कागद हातात घेऊन सावकाश, ओळीवर बोट फिरवत वाचला आणि परत दिला.

सगळे गाडीत बसले. मागे भांडी वाजत होती.

"उद्या ह्याच्या खाली कोण उभं राहणार?" ओळंब्याने वायरमनकडे बोट दाखवून विचारलं.

"बघू कोणीतरी," फोरमन रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला.

"कोणीतरी नको. कोण ते सांग."

फोरमनने गिअर बदलला. त्याला ओळंब्याशिवाय एकही माणूस सुचत नव्हता.