खोल गेलेल्या रेघा

माझ्या बायकोला माझ्याबद्दल जवळपास सगळं ठाऊक आहे — दहावीला कॉपी करताना सापडलो होतो, तेसुद्धा. हे मात्र तिला माहीत नाही. कुणालाच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही सर्जेरावला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर बहुधा आजही गप्प बसलो असतो.

नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. जालन्याच्या एमआयडीसीत एका रोलिंग मिलच्या मागे आमचं छोटं वर्कशॉप होतं. मी तिथे तपासणीला — डिप्लोमा झालेला, खिशाला दोन पेनं लावणारा. एरवी आम्ही बियाण्यांच्या चाळणी यंत्रांचे सुटे भाग करायचो. एका वर्षी शेठनी कुठून तरी गोल्फच्या काठ्यांचं काम आणलं. काठीच्या टोकाला लोखंडी डोकं असतं, त्याच्या सपाट तोंडावर आडव्या बारीक रेघा कापायच्या. चेंडू घसरू नये म्हणून. गोल्फ आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. ती डोकी कामगारांना खुरप्यासारखी दिसली, आणि बघता बघता सगळं वर्कशॉप त्यांना खुरपी म्हणायला लागलं. शेठसुद्धा विचारायचे, आज किती खुरपी झाली?

रेघा पाडायचा सर्जेराव. बदनापूरहून सकाळच्या गाडीनं यायचा. वयानं मोठा, म्हणून तोंडावर मी त्याला अहो-जाहो करायचो. माणूस बढाईखोर. आपल्यासारखा हात अख्ख्या मराठवाड्यात नाही, हे तो चहा पिताना, मशीन पुसताना, कधीही सांगायचा. वाईट एवढंच की ते बरंचसं खरं होतं. नियम असा होता की रोजचा पहिला नग मला दाखवायचा, मी खोली मोजणार, मग पुढचं काम. तो दाखवायचा नाही. एकदा मी सगळ्यांसमोर टोकलं, तर म्हणाला, "साहेब, मोजणं येगळं आन् कापणं येगळं. तुम्ही निवांत मोजत बसा, मी कापून राह्यलो."

सगळे हसले. मीही हसलो. आणि त्यानंतर पहिला नग मागायचं सोडून दिलं.

एवढ्याशा बोलण्याचं काय घेऊन बसायचं, नाही? पण मला ते लागलं होतं. रात्री जेवताना आठवायचं, सायकलवर आठवायचं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. सर्जेरावनं आपलं मिलिंग मशीन धुऊनपुसून लख्ख केलं, कटर उतरवून पाटावर मांडला, हळदीकुंकू वाहिलं, आणि मशीनच्या चाकाच्या मुठीला पूजेचा लाल नाडा बांधला. एकदा नाडा बांधला की दसरा होईपर्यंत त्या मशीनला कुणी हात लावत नाही. तसं कुणी सांगावं लागत नाही. खोबरं-साखर खाऊन मंडळी घरी गेली.

किल्ली माझ्याकडे असायची. दुपारी मी परत आलो.

का आलो? — कापायला. मलाही जमतं हे बघायला. बघणारं कुणी नव्हतं, तरी. मी पाटावरचा कटर उचलला, मशीनला चढवला. नाडा सोडला नाही — मुठीवरून अलगद सरकवून काढला, गाठ तशीच राहू दिली. भंगारातलं एक खुरपं घेतलं.

त्या चाकाला आकड्यांची एक चकती असते. चाक कुठल्या आकड्यापर्यंत फिरवायचं, त्यावर रेघ किती खोल जाणार ते ठरतं. चकती सैल करून तिचा शून्य हवा तिथे नेता येतो. सर्जेरावनं त्याचा शून्य लावून ठेवला होता. मला मोजायला सोपं जावं म्हणून मी तो फिरवला — आणि रेघा कापल्या. बऱ्या आल्या. मी एकटाच मोठ्यानं हसलो, हे आठवतं.

मग घाई सुचली. लोखंडाचा कीस झाडला, कटर पाटावर ठेवला, पुसलं गेलेलं कुंकू माझ्या बोटानं परत लावलं, नाडा मुठीवर चढवला. चकती मात्र विसरलो.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. सर्जेरावनं मशीनला नमस्कार केला, नाडा सोडला, तोच कटर लावला आणि नेहमीच्या आकड्यावर कापत सुटला. नव्यानं जुळवून बघायचं त्याला कारणच नव्हतं. पहिला नग त्यानं आणला नाही, मी मागितला नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर मी सहज एक खुरपं उचलून मोजलं. रेघ खोल गेलेली. फरक केसाएवढा, डोळ्याला काही दिसत नाही. दुसरं मोजलं, तिसरं मोजलं. सगळीच तशी. कमी कापलेलं पुन्हा कापता येतं. जास्त कापलेलं भरून काढता येत नाही. सकाळपासूनचा सगळा माल भंगारात.

चकती मला तिथल्या तिथे आठवली. तुम्हाला वाटेल, मी घाबरलो. घाबरलो, पण नंतर. आधी बरं वाटलं. सर्जेरावचा हात चुकला, असं आता सगळ्यांना दिसणार होतं — हा माझ्या मनातला पहिला विचार. हेच मला सांगायचं होतं. बाकीचं त्याच्यामागून आलं.

शेठनी विचारलं, मशीनला कुणी हात लावला होता का? उत्तर सर्जेरावनंच दिलं. "न्हाई शेठ, बिलकुल न्हाई. नाडा माझ्याच गाठीचा व्हता. माझीच चूक झाली आसंल." मग शेठ माझ्याकडे वळले. खोली मोजायचं गेज माझ्या हातातच होतं. मी म्हणालो, सेटिंग चुकलंय. त्यात खोटं काय होतं? — कुणाकडून चुकलं, तेवढं बोललो नाही.

ते काम गेलं. शेठ सर्जेरावला काढायला निघाले होते, तेव्हा मी मध्ये पडलो. राहू द्या, जुना माणूस आहे, म्हणालो. वर्कशॉपमध्ये माझं नाव झालं. सर्जेराव मिलिंग सोडून ड्रिलवर गेला, स्वतःहून. आणि तो माणूस बदलला. बढाया बंद. साधं भोक पाडलं तरी नग घेऊन माझ्या टेबलाशी यायचा — "बघा बरं साहेब, बराबर हाय का?" मी मोजायचो. बरोबरच असायचं. "बरोबर आहे," मी सांगायचो, तेव्हा कुठे तो पुढचा घ्यायचा. हे वर्षानुवर्षं चाललं. पुढे शेठनी नवं मशीन आणलं, आधी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "नगं शेठ. माझ्या हाताचा मलाच भरोसा न्हाई राह्यला." मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो.

वर्कशॉप बंद झाल्यावर त्याच्या मुलीच्या लग्नाला मी बदनापूरला गेलो. त्यानं मला व्याह्यांपुढे नेलं, हात धरून. अख्खा माल मी बिघडवला, तरी या साहेबांनी मला सांभाळून घेतलं, असं सांगताना त्याचे डोळे भरून आले. मी "अहो, काहीतरीच काय" म्हणालो, पंगतीला बसलो, आणि पोटभर जेवून आलो.

तो आहे अजून. बदनापूर इथून फार लांबही नाही. त्यानं कधी विचारलं तर सांगून टाकू, असं मी बरीच वर्षं स्वतःला बजावत होतो. तो विचारणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. ज्याच्यावर संशय नाही, त्याला कोण विचारतं?

मी गेलेलो नाही.